मडमेच्या लाखोळीची झूल

अक्का, पोळा तोंडावर आला आहे आणि तुझी झूल अर्धीच आहे. डाव्या बाजूला फुलंच फुलं, उजव्या बाजूला नुसत्या खडूच्या रेघा. आत्ता ती माझ्यासमोर खाटेवर पसरली आहे. मी म्हणतो, ही अशीच हिऱ्याच्या पाठीवर घालू आणि बैल तोरणाखाली नेऊ. दाजी म्हणतात, घडी घाल आणि पेटीत ठेव. तू असतीस तर दोन शब्दांत निकाल लावला असतास, आणि तो बहुधा माझ्या विरुद्ध गेला असता. पण तू नाहीस. म्हणून मी आणि तुझा नवरा कालपासून तुझ्याच ओसरीवर समोरासमोर बसून आहोत. मी बोलतो आहे आणि ते गप्प आहेत. म्हणजे तसं पाहिलं तर सगळं नेहमीसारखंच आहे.

मी एवढा हट्ट का धरून बसलो आहे ते तुला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. चोळीवरचं भरतकाम रोज दिसतं, कुंचडं लेकराच्या डोक्यावर गावभर फिरतं. झूल वर्षातून एकदाच बाहेर पडते. त्या एका दिवशी बैलाच्या पाठीवर बसून ती वेशीपर्यंत जाते, चारचौघं पाहतात, आणि संध्याकाळी पुन्हा पेटीत. सगळ्या जुन्या शहराच्या बैलांना तू झुली भरून दिल्यास. तुझ्या स्वतःच्या बैलांच्या पाठीवर मात्र दर पोळ्याला उरलेल्या तुकड्यांची, ठिगळांची झूल असायची. ही पहिली झूल तू आपल्या घरच्या बैलासाठी भरायला घेतली होतीस. ती चालताना दिसली पाहिजे, अक्का. एवढंच माझं म्हणणं आहे.

तुला पटकीनं तीन दिवसांत नेलं. निरोप अमरावतीला पोचला तेव्हा तू होतीस, मी दमणी जुंपून निघालो तेव्हाही होतीस. मी अकोल्यात आलो तेव्हा मोर्णा दुथडी भरून वाहत होती आणि मी या तीरावर अडकलो. पलीकडे काठावर माणसं उभी होती, धूर होता. पागोट्यावरून मी दाजींना ओळखलं. मी ओरडलो. तुला माहीत आहे माझा आवाज; कापसाच्या बाजारात गाड्यांच्या खडखडाटातही तो शेवटच्या गाडीपर्यंत जातो. त्या दिवशी तो पाण्याच्या मध्यापर्यंतसुद्धा गेला नाही. कोणी मान वळवून पाहिलं नाही. काय ओरडलो ते विचारशील तर तुझं नावही नव्हतं त्यात. ‘थांबा’ म्हणत होतो.

असो. रडगाणं तुला आवडायचं नाही. तुला मडमेची गोष्ट आवडायची, आणि ती मी तुझ्यासमोर शेवटची सांगितली त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हा ऐक.

कापसानं लोकांना वेड लावलं ते दिवस. कुठे तरी समुद्रापलीकडे लढाई जुंपली होती आणि त्यामुळे दर्यापूरच्या काळ्या मातीत माणसं श्रीमंत होत होती. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी झुलीला खरी जर लाव म्हणून तुझ्या दारात येऊन बसला. मोर्णेच्या काठचे माळी वांग्याचे वाफे मोडून सरकी पेरायला लागले. एकट्या दाजींनी आपले वाफे मोडले नाहीत. “सगळ्यांनी कापूसच पेरल्यावर खातीन काय?” एवढं एकच वाक्य ते त्या साली बोलले असावेत. मी मात्र दलाल. रुमालाखाली दुसऱ्याची बोटं दाबून भाव ठरवणारा. तू म्हणायचीस, “तोंड येवढं चालते तुहं, नाऱ्या, अन् धंदा निरा बोटांचा.”

त्या गर्दीत कापसाचा एक सायेब बायकोसकट अकोल्याला आला. बंगला घेतला. मडमेला बाग करायची होती, मी दाजींचं नाव सांगितलं. तिनं कागदाच्या पुडीतून बिया काढल्या, काळ्या मिऱ्यांसारख्या गोल. दाजींनी दिवाळीच्या सुमारास त्या लावल्या, वेल वर चढायला कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या रोवल्या, आणि पौषात त्या वेलाला फुलं आली. मडम त्याला ‘स्वीट पी’ म्हणायची. गुलाबी, जांभळी, पांढरी, आणि वास असा की कुंपणाबाहेरचा गाडीवान बैल थांबवून इकडेतिकडे पाहायचा.

मी तुला मुद्दाम पाहायला नेलं होतं. मला वाटलं तू हरखून जाशील. तू वेलाजवळ गेलीस, पान उलटून पाहिलंस, देठ चिमटीत धरलास आणि म्हणालीस, “हे त लाखोळी हाये.”

“अक्का, लाखोळी म्हणजे डाळीचं पीक. हे विलायतेचं फूल आहे.”

“पान पाह्य. ताणा पाह्य. लाखोळीच हाये. हिले अत्तर कोनं लावलं?”

मडमेनं विचारलं, बाई काय म्हणते. मी म्हटलं, देवाला वाहण्यासारखं फूल आहे म्हणते. मडम खूश झाली. तेवढ्यात तू म्हणालीस, “तिले इचार, हिची दाळ शिजते का.” हे मात्र दाजींनी मोडक्या हिंदुस्थानीत जसंच्या तसं विचारलं, कारण त्यांना खोटं बोलता येत नाही. मडम घाबरली. दोन्ही हात हलवून तिनं सांगितलं की बी पोटात गेलं तर विष आहे.

“मंग हे निस्तं पाहाले?” तू मला विचारलंस.

“पाहायला आणि हुंगायला.”

“येवढी जागा, येवढं पानी, अन् निस्तं हुंगाले.” तू असं म्हणालीस खरी, पण परत येताना तुझ्या ओच्यात एक फूल होतं. मडमेला विचारून घेतलंस की न विचारता, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

त्या दिवसापासून आपल्या घरात त्या फुलाचं नाव मडमेची लाखोळी. त्या एका फुलाची तू नखानं पाकळी-पाकळी सुटी केलीस. मागं एक मोठी पाकळी, उभी राहिलेली. पुढं दोन लहान, आवळून धरलेल्या. आणि त्यांच्या आत नखाएवढं काही तरी मिटलेलं. “बाईनं डोक्यावरून पदर घेऊन आत लेकरू झाकलं हाये,” तू म्हणालीस. मग तू ते सगळं उचलून तुळशीत टाकलंस आणि चुलीकडे गेलीस. तुझ्या पदराखाली कधी लेकरू आलं नाही, आणि त्याबद्दल तू माझ्याशी एवढंही कधी बोलली नव्हतीस. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं का, हे मला आजही कळत नाही. मी काही तरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही, म्हणजे तो चांगला नसणार.

आता मेजाची गोष्ट. हे मी उभं राहून, हातवारे करून सांगतो, इथे बसून सांगावं लागतंय, तर सांभाळून घे.

मडमेनं पोळ्याला कुणाच्या तरी बैलावर तुझी झूल पाहिली आणि मला बोलावून म्हणाली, हिच्याकडून आमच्या मेजावर घालायचं कापड भरून दे, कडेनं हीच फुलं. मी तुझ्याकडे आलो. आता माझे शब्द नीट ऐक, कारण पुढचं सगळं भांडण त्यांच्यावरच आहे. मी म्हटलं, “मोठं चौकोनी कापड पाहिजे. चारी बाजूंनी खाली लोंबलं पाहिजे. कडेला फुलं.”

तू विचारलंस, “अन् मधी?”

मी म्हटलं, “मध्ये त्यांच्याकडे उंच काही तरी असतं. तिथं फुलं नकोत.”

माझ्या डोळ्यांसमोर सायबाचं मेणबत्त्यांचं शमादान होतं. तू मान डोलावलीस.

मडमेच्या विलायती रेशमी लडी तू बाजूला ठेवल्यास. आलीच्या झाडाच्या मुळीच्या लाल रंगात बुडवलेला दोरा तू पुन्हा निळीत बुडवलास, आणि त्यातून जो जांभळा आला तो त्या फुलाच्या सावलीतल्या बाजूचा होता, उन्हातल्या बाजूचा वेगळा. बाहेरची कड साखळी टाक्यानं, पाकळीचं पोट भरीव टाक्यानं, वेलाचे ताणे एकेरी दोऱ्यानं वळवलेले. मी घडी उलगडून पाहिली नाही. मला ती मडमेसमोर थाटात उलगडायची होती.

थाटातच उलगडली. दिवाणखान्यात सायेब, मडम, खामगावहून आलेले आणखी दोन कापसाचे सायेब. मी खांद्यावरून पागोट्याचा शेमला मागे टाकला, कापड हवेत झटकलं आणि मेजावर सोडलं. कडेनं फुलं अशी लोंबली की मडम खुर्चीतून उठली. आणि बरोब्बर मध्ये, ताटलीएवढं, गोल, काज टाक्यानं घट्ट बांधलेलं, भोवती कवड्यांची माळ जडवलेलं एक भोक.

वशिंडाचं भोक, अक्का. तू सायबाच्या मेजाला झूल शिवली होतीस.

दाजी दारात फुलांची परडी घेऊन उभे होते. त्यांनी भोक पाहिलं, मला पाहिलं, आणि मग ते जमिनीकडे पाहायला लागले. माझ्यापुढे दोन रस्ते होते: खरं सांगायचं किंवा दलाल व्हायचं. मी कपाटावरचा पितळी चंबू उचलला, दाजींच्या परडीतली मूठभर फुलं त्यात खोचली आणि चंबू त्या भोकात उभा केला. म्हटलं, “मडमसाब, अब हवा से नहीं गिरेगा.” भोकात ठेवल्यानं चंबू पडायचा कसा थांबतो, हे एकाही सायबानं विचारलं नाही. मडमेनं टाळ्या वाजवल्या. खामगावच्या सायबानं माझ्या खांद्यावर थाप मारली.

ही गोष्ट मी त्याच दुपारी तुला नकलांसकट सांगितली. तू हसली नाहीस.

“माह्या झुलीवर जेवतीन ते?”

“हो. काटे-चमचे ठेवून.”

“अन् वशिंडाच्या जागी लोटा.”

“अक्का, मेजाला वशिंड नसतं.”

“तो मेजाचा दोष,” तू म्हणालीस.

पुढं मी ती गोष्ट अमरावतीपासून नांदगाव खंडेश्वरापर्यंत सांगितली आणि प्रत्येक वेळी त्या वाक्यावर लोक लोळले. तू समोर असलीस की ते वाक्य तूच म्हणायचीस, माझ्या आधी. पण मेजाचं कापड म्हणजे काय हे तुला खरंच ठाऊक नव्हतं का? दाजी त्या बंगल्यात रोज जात होते, त्यांनी मेज पाहिलं होतं, तुला सांगितलंही असेल. मी म्हणायचो, तू चुकलीस. तू म्हणायचीस, तूच ‘उंच’ म्हणालास. मला नेहमी संशय होता की तुला सगळं माहीत होतं आणि तरीही तू झूलच केलीस, कारण मन लावून करावं असं दुसरं काही तुला माहीत नव्हतं. हे भांडण आपण पुढच्या भेटीत संपवणार होतो.

एक गोष्ट मात्र तू न हसता म्हणालीस. मडम ते कापड चार भिंतीत ठेवते, ते कोणी पाहत नाही, ते चालत नाही. “झूल चालली पाह्यजे, नाऱ्या. बैलाचा पाय पडला का कवडी वाजते, फूल हालते. मेजावर काय हालते?” मग लढाई संपली, भाव कोसळले, सायेब गाशा गुंडाळून गेला आणि मडम ती झूल विलायतेला घेऊन गेली. तिथं कुणाच्या तरी मेजावर तुझं वशिंडाचं भोक आहे आणि त्यात एक चंबू आहे. हे आठवलं की मला हसू येतं.

मडम जाणार अशी कुणकुण लागली तेव्हाच तू ही दुसरी झूल भरायला घेतलीस. घराच्या मागं, मोटेच्या पाटाकडेला, दाजींनी तिच्याच बियांचे वेल लावले होते. माघात ते फुलले. मी येत होतो, पण दुपारीच यायचो, आणि तोवर काम बंद झालेलं असायचं, वर फडकं झाकलेलं. अर्धं काम तू कुणाला दाखवत नव्हतीस. मी फडकं उचलायला गेलो की हातावर चापट. आणि फाल्गुनात ऊन तापलं, वेल वाळले, तशी तू सुई खोचून ठेवलीस. मी किती डोकं फोडलं तुझ्यापुढं.

“एवढी फुलं काढलीस, आता डोळे मिटून निघतील. बोटांना पाठ झालं असेल.”

“पाठ झालं का हात खोटं बोलते.”

“मग खाका काढ. कागदाला भोकं पाड, खडू घास, झालं.”

“जित्तं फूल समोर असल्याबिगर मी टाका नाही घालत.”

“अक्का, पोळा श्रावणात असतो, माघात नाही.”

“मंग पुढच्या पोळ्याले.”

“हिऱ्या म्हातारा होऊन राहिला.”

“मी बी होऊन राहिली. थांबते तो माह्यासाठी.”

हिऱ्या थांबला आहे, अक्का. सकाळी गोठ्यात गेलो तर माझ्या पागोट्याचा शेमला चघळत होता. तो आहे, झूल आहे, फक्त हट्ट करणारी माणसं बदलली आहेत.

काल मी एक आचरटपणा केला. तुझी सुई घेतली, तुझाच जांभळा दोरा ओवला आणि उजव्या बाजूच्या पहिल्या रेघेवर एक फूल भरायला बसलो. झूल पुरी झाली तर दाजींना बोलायला जागा राहणार नाही, असा माझा हिशेब. जे निघालं ते कोंबड्याच्या तुऱ्यासारखं दिसत होतं. दाजी मागं कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. ते म्हणाले, “काढ.” मी टाके उसवले. भोकं राहिली आहेत, ती पुसता येत नाहीत.

मग मी माझं सगळं बोलणं पणाला लावलं. त्यांनी म्हटलं, “वरीसभर सन नाही आपल्या घरी.” मी म्हटलं, बैलाला सुतक नसतं, ओवाळायला माझी बायको आली आहे, दोरी मी धरीन, बैल माझा म्हणून जाईल. त्यांनी म्हटलं, “अर्धं काम ती कोनाले दाखवत नोती.” यावर मी आणखीच बोललो. शेवटी हातावर रुमाल टाकून तो पुढं केला, बाजारात करतो तसा, की बोटं धरा दाजी, आणि सांगा काय घेऊन मानाल. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी रुमालाकडे पाहिलं आणि ते उठून मागच्या वाफ्यांकडे गेले. त्यांचं म्हणणं बरोबर आहे का, अक्का? तूच नाही म्हणाली असतीस का? मला तुझं ‘नाही’ ऐकू येतंय असं वाटतं, पण तुझा आवाज मी इतक्या वेळा काढला आहे की आता त्यातला तुझा कुठला आणि माझा कुठला हे कळेनासं झालं आहे.

इथवर लिहून मी कागद ठेवून दिले होते. आता पोळा होऊन गेला आहे, घरी गडबड नाही, आणि मला तुला पुढचं सांगायचं आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दाजींनी दोन्ही बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळले. ते झाल्यावर बैलांना जेवणाचं आमंत्रण द्यायचं. दर वर्षी ते तू द्यायचीस. दाजी हिऱ्याच्या कानाजवळ उभे राहिले, ओठ हलले, पण शब्द निघेनात. मग माझी बायको पुढं झाली आणि तिनं म्हटलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” तिनं चांगलं म्हटलं. पण हिऱ्यानं मान वळवून तिच्या मागं कोणी आहे का ते पाहिलं.

दाजी ओसरीवर येऊन बसले. हात हळदीनं पिवळे, ते गुडघ्यांवर उताणे ठेवलेले. ते म्हणाले, “नारायणा, ते फूल लोट्यात टिकत नाही.”

मी म्हटलं, “कोणतं?”

“मडमेच्या लाखोळीचं. पान्यात ठेवलं का मान टाकते. मंग तिले टाका कुठी घालावा ते दिसे ना.” त्यांनी चिमूट धरून दाखवली. “मी धरून बसत होतो. हातात.”

मी मध्ये तोंड घातलं तर ते थांबतील अशी धास्ती वाटली.

“सकाळी मोट जुंपाच्या आंधी. पयलं उमललेलं आनून तिच्या समोर बसो. ती म्हने, जराक वळवा. मी वळवलं. मंग म्हने, आता मागून. ऊन चढेस्तोवर. बोलनं तेवढंच.” त्यांनी हात उलटे करून पाहिले, पुन्हा सुलटे केले. “म्या म्हटलं तिले, येक खाका काढून घे, माहा येळ जाते. म्हने, तुमाले काय घाई हाये.”

बैल रवंथ करत होते.

“लगनाले इतके वरसं झाले,” दाजी म्हणाले, “पन असं बसनं त्या माघातच झालं.”

अक्का, मी तुला बोटांना पाठ झालं म्हणून सांगत होतो. खाका काढ म्हणून सांगत होतो. सकाळभर तुझ्यासमोर एक अबोल माणूस फूल धरून बसत होता आणि तू ती सकाळ संपू देत नव्हतीस. मी दुपारी यायचो आणि माझ्या हाती फक्त झाकलेलं फडकं लागायचं. तू मला एकदाही सांगितलं नाहीस. सांगणार तरी कशी? संध्याकाळपर्यंत मी दाजींची नक्कल करून दाखवली असती, हातात फूल धरून, आणि सगळं जुनं शहर हसलं असतं. तू राखलंस ते बरं केलंस. मला वाईट वाटतंय, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटतंय की तुझ्या आयुष्यात असं काही होतं जे माझ्या तोंडी आलं नाही.

दाजी उठले. म्हणाले, “उद्या घाल ते हिऱ्याले. दोरी मी धरतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बैल मोर्णेवर धुवून आणले. पाणी उतरलं होतं. माझ्या बायकोनं ओवाळलं. जोडीच्या माणक्यावर जुनी ठिगळांची झूल घातली आणि हिऱ्यावर तुझी. वशिंड भोकातून वर आलं आणि कवड्या त्याच्याभोवती बसल्या. तू बरोबर होतीस, ते भोक मेजासाठी नव्हतंच. हिऱ्या चालायला लागला तशी फुलं हलली. मी डाव्या बाजूनं चालत होतो, कारण मला फुलं पाहायची होती, आणि ती पाहणाऱ्यांची तोंडंही पाहायची होती. बायका दारांतून पुढं आल्या. जिच्या घरच्या बैलाची झूल तू भरली होतीस ती प्रत्येक बाई पुढं येऊन फुलाला बोट लावून गेली. एकीनं झुलीची कड उलटून मागची बाजू पाहिली, आणि तिथं एकही गाठ नाही म्हणून शेजारणीला दाखवली. तू हे पाहायला हवं होतंस. तू नव्हतीस, म्हणून मी दोघांच्या वाटचं पाहिलं.

दाजी उजव्या बाजूनं चालत होते. दोरी एका हातात, दुसरा हात कोऱ्या कापडावर. तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही अशा जागी आलो की वेशीच्या बाजूची माणसं ती कोरी बाजूच पाहत होती. खडूच्या रेघा, मी उसवलेल्या टाक्यांची भोकं. कुजबुज झाली. दर्ग्याकडच्या गल्लीतली ती म्हातारी, जिला तू दर हिवाळ्यात भाजी द्यायचीस, ती काठी टेकत पुढं आली. तिनं कापडावर हात फिरवला आणि विचारलं, “हे बाजू काहून कोरी रे बाबा?”

माझ्याकडे उत्तरं तयार होती. एक हसवणारं होतं, एक रडवणारं, आणि एक असं होतं की म्हातारीनं ते घरोघर सांगितलं असतं. मी तोंड उघडलं.

दाजी म्हणाले, “फुलाचा हंगाम सरला, माय.”

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि हात तसाच कापडावर ठेवून ती उभी राहिली. मागून कोणी तरी मला पुढं ढकललं. दर पोळ्याला तोरणाखाली खड्या आवाजात झडतीचं गाणं मीच म्हणतो, लोक वाट पाहत होते. मी म्हटली नाही. दुसऱ्या कोणी तरी म्हटली, बरी म्हटली. अक्का, तुला खोटं वाटेल, पण तोरण तुटून बैल सुटेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही.